गॅमा कॅमेऱ्याचा रोजचा फ्लड (चित्राच्या एकसारखेपणाची चाचणी) पास होतो, तरी प्रत्येक हृदयाच्या अपेक्सला (टोकाला) खोट. नेमकं काय तपासायचं?

अपेक्स_६४ (प्रश्न)

आमच्याकडे दोन हेडचा गॅमा कॅमेरा आहे, सोबत सीटी नाही. हृदयाच्या परफ्युजन (रक्तपुरवठ्याच्या) स्कॅनसाठी हेड ९० अंशांत लावतो. कोलिमेटर (किरणांना दिशा देणारी शिशाची जाळी) एलईएचआर प्रकारचा, आरएओ ४५ (पुढून उजवीकडे) ते एलपीओ ४५ (मागून डावीकडे) असा १८० अंशांचा गोल फेरा, ६४ प्रोजेक्शन (वेगवेगळ्या कोनांतली चित्रं), मॅट्रिक्स ६४ × ६४, पिक्सेल ६.४ मिमी. एकाच दिवसात आधी रेस्ट (आराम), मग स्ट्रेस (ताण). सेस्टामिबी (हृदयाच्या स्नायूत जाणारं टेक्नेशियमचं औषध) १० आणि ३० मिलीक्युरी. गेटिंग (ईसीजीप्रमाणे ठोक्याचे भाग पाडणं) ८ फ्रेमचं, आर-आर (दोन ठोक्यांतलं अंतर) विंडो २० टक्के.

गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक रुग्णांत अपेक्स आणि त्याला लागून असलेल्या लॅटरल (बाजूच्या) भिंतीत सौम्य खोट दिसते आहे. रेस्ट आणि स्ट्रेस दोन्हींत सारखीच, आणि गेटेडमध्ये भिंतीची हालचाल अगदी व्यवस्थित. स्त्रिया आणि पुरुष दोन्ही आहेत. ज्यांना धमनीचा आजार असण्याची शक्यता फार कमी, अशांतही तेच चित्र येतं.

सकाळचा इंट्रिन्सिक फ्लड रोज पास होतो. इंटिग्रल युनिफॉर्मिटी यूएफओव्हीत (पूर्ण वापराच्या क्षेत्रात) ३.१ टक्के, सीएफओव्हीत (मधल्या क्षेत्रात) २.६. एनर्जी पीक १४० केईव्हीवर नीट बसतो. तीन आठवड्यांपूर्वी सर्व्हिसवाल्यांनी हेड २ उघडून काम केलं होतं, त्यानंतरही फ्लड चांगलाच आला. रिपोर्ट करणारे डॉक्टर ‘अटेन्युएशन असावं’ (म्हणजे शरीरातच किरण अडले असावेत) असं लिहीत आहेत, पण त्यांचंही समाधान नाही. उद्या सहा रुग्ण आहेत. कुठून सुरुवात करू?

---

फोटोपीक

अटेन्युएशनची शक्यता मी सर्वांत शेवटी धरेन. स्तनामुळे येणारी खोट बहुधा अँटेरियर (पुढच्या) भिंतीत असते, छातीखालच्या पडद्यामुळे येणारी इन्फेरियर (खालच्या) भिंतीत. शरीराच्या ठेवणीप्रमाणे ती जागाही बदलते. स्त्री-पुरुष, जाड-बारीक अशा सगळ्यांना एकाच जागी सारखीच खोट येत असेल, तर दोष रुग्णांत शोधू नका. नाहीतर रेड्याला दुखणं नि पखालीला इंजेक्शन व्हायचं.

इंट्रिन्सिक फ्लड कोलिमेटर काढून घेतलेला असतो. स्फटिक, फोटोमल्टिप्लायर नळ्या आणि करेक्शन मॅप ठीक आहेत एवढंच तो सांगतो. कोलिमेटरला पोचा पडलाय का, हेड फिरताना केंद्र जागेवर राहतं का, दोन्ही हेड एकच बिंदू एकाच जागी बघतात का, यातलं काहीही त्यात येत नाही. तुमची तक्रार फिरत्या चित्राची आहे आणि तुम्ही तपासलाय तो स्थिर कॅमेरा.

आज घरी जायच्या आधी गेल्या दोन आठवड्यांतल्या पाच-सहा रुग्णांचा कच्चा डेटा उघडा. स्लाइस नको, प्रोजेक्शन बघा. आधी सिने (चलतचित्र) फिरवा, मग सायनोग्राम आणि लिनोग्राम (सगळी प्रोजेक्शन क्रमाने रचून केलेली चित्रं). सायनोग्राममध्ये आडवी, म्हणजे एक्स दिशेची सरक दिसते आणि लिनोग्राममध्ये उभी, वायची. तुमच्या मांडणीत प्रोजेक्शन १ ते ३२ हेड १ ची आणि ३३ ते ६४ हेड २ ची, आणि दोन्ही हेड एकाच वेळी काम करतात. त्यामुळे बिघाड कुठला ते उडीच्या जागेवरून ओळखता येतं:

रुग्ण मध्येच हलला, समजा सोळाव्या थांब्यावर, तर उडी दोन ठिकाणी दिसेल, १६ ला आणि ४८ ला. एकाच ठिकाणी सहसा दिसत नाही.

व्यायामानंतर श्वास शांत होताना हृदय हळूहळू वर सरकतं. त्याला क्रीप म्हणतात. मग लिनोग्राम १ पासून ३२ पर्यंत तिरका चढतो, ३३ ला धपकन खाली येतो आणि पुन्हा चढतो. करवतीचे दोन दात काढल्यासारखा दिसतो.

उतार अजिबात नाही, दोन्ही तुकडे आपापल्या जागी सरळ आहेत आणि फक्त ३२ आणि ३३ च्या मध्ये पायरी आहे, असं असेल तर ते रुग्णाचं काम नाही. ३२ आणि ३३ हे शेजारचे कोन आहेत, हृदय तिथे सलगच दिसायला हवं. पायरी सायनोग्राममध्ये असेल तर चूक सेंटर ऑफ रोटेशनची (फिरण्याच्या केंद्राची), म्हणजे सीओआरची. लिनोग्राममध्ये असेल तर दोन हेडांचं अक्षाच्या दिशेचं रजिस्ट्रेशन किंवा हेडचा कल.

तिथेच उजेडाकडेही लक्ष द्या. ३२ आणि ३३ मध्ये एकूण काउंट्स (मोजलेले किरण) एकदम बदलत असतील तर दोन हेडांच्या सेन्सिटिव्हिटीत फरक आहे किंवा एकाची एनर्जी विंडो सरकली आहे.

---

पाणसळ

फोटोपीक सरांशी सहमत. ‘हेड २ उघडलं’ हे वाक्य तुम्ही प्रश्नात पार खाली टाकलंय, माझ्या मते तिथूनच सुरुवात करायला हवी. सर्व्हिसनंतर सीओआर केलं असेल, तर कुठल्या मांडणीत? पुष्कळ ठिकाणी हेड समोरासमोर, १८० अंशांत ठेवून सीओआर होतं, कारण हाडांचा स्कॅन त्यातच घ्यायचा असतो. हेड ९० अंशांत आणले की वजन वेगळ्या बाजूला जातं आणि हातांची यांत्रिक जागा बदलते. म्हणून बहुतेक यंत्रांत दोन्ही मांडण्यांचे सीओआर तक्ते वेगळे असतात, आणि प्रत्येक कोलिमेटरचेही वेगळे. कॅलिब्रेशनच्या यादीत ‘एलईएचआर, ९० अंश’ या ओळीपुढची तारीख बघा. ती सर्व्हिसच्या आधीची असेल तर उत्तर बहुधा तिथेच आहे.

चाचणी अर्ध्या तासाची आहे. कंपनीचा ठरलेला साचा असेल तर तो वापरा. नसेल तर काचेच्या केशनलिकेत ठिपकाभर टेक्नेशियम घ्या, अर्धा ते एक मिलीक्युरी. लांबी-रुंदी २-३ मिमीच्या वर जाऊ देऊ नका. जास्त पातळ केलेला डोस घेतला तर ठिपका लांबतो आणि केंद्र काढण्यात चूक शिरते. नलिका टेबलाच्या टोकाला चिकटवा, अशी की ठिपका हवेत राहील, मध्ये टेबलाची फळी येणार नाही. अक्षापासून काही सेंटीमीटर बाजूला हवा, बरोबर मध्यावर नको. हेड ९० अंशांत, एलईएचआर, त्रिज्या २० सेंमी, मॅट्रिक्स १२८, पूर्ण ३६० अंश, प्रत्येक प्रोजेक्शनमध्ये १०,००० च्या आसपास काउंट्स.

आता प्रत्येक हेडसाठी एक्स केंद्राचा आलेख कोनाविरुद्ध काढा. स्वच्छ साइन वक्र यायला हवा आणि त्याची मधली रेषा मॅट्रिक्सच्या मध्यावर हवी. वायचा आलेख सरळ आडवा हवा. ६४ च्या मॅट्रिक्सला अर्धा पिक्सेल म्हणजे ३.२ मिमी, त्याच्या पुढे गेलं की हृदयाच्या चित्रात खोट दिसायला लागते. मी स्वतः २ मिमीलाच हात घालायचा म्हणतो.

वायचा आलेख साइनसारखा हलत असेल तर हेडचा कल तपासा. हेड आडवं करून त्याच्या पाठीवर पाणसळ ठेवा. १ अंशाचा कल २० सेंमी अंतरावर ३.५ मिमी सरक देतो, म्हणजे अर्ध्या पिक्सेलहून जास्त. सॉफ्टवेअरने हे झाकू नका, तो कल यांत्रिकपणेच काढावा लागतो.

आणखी एक खूण. त्याच ठिपक्याचा १८० अंशांचा हृदयाचा प्रोटोकॉल चालवून रिकन्स्ट्रक्ट करा (प्रोजेक्शनांवरून चित्र बांधा). नीट असेल तर ठिपका येईल. सीओआर चुकलं असेल तर ३६० अंशांत कडं दिसतं, पण १८० अंशांत ट्यूनिंग फोर्कसारखा दुफाटा येतो. हा दुफाटा अपेक्सवर बसला की तिथली भिंत फाटल्यासारखी, विरळ दिसते. तुमचं वर्णन त्याच्याशी जुळतं.

---

मॉली_आणि_टेक

मशीनचं तुम्ही बघताच आहात, मी हॉट लॅबच्या (किरणोत्सारी औषध तयार करायच्या खोलीच्या) बाजूने लिहिते. अपेक्सची खोट किटमुळे (सेस्टामिबी बनवायच्या वायलमुळे) येत नाही हे आधीच सांगते. पण ‘लॅटरल भिंतीला लागून’ वाचलं म्हणून विचारते, जठरात काउंट्स दिसतात का? डाव्या जवनिकेच्या (हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या) खाली जठर पेटलेलं असेल तर फिल्टर्ड बॅक प्रोजेक्शन या चित्र बांधायच्या पद्धतीत त्याच्या शेजारची भिंत खोटीच विरळ होते. ओएसईएम या दुसऱ्या पद्धतीत हा त्रास कमी होतो, जात नाही.

जठरातल्या काउंट्सची कारणं दोन. पित्त उलटं येतं, त्यात तुमचा दोष नाही. किंवा किटमध्ये मोकळं परटेक्नेटेट (सेस्टामिबीला न जोडलेलं टेक्नेशियम) जास्त आहे. गळ्याचं चित्र घेऊन ठरवू नका, थायरॉइड सेस्टामिबी स्वतःच घेते. पट्टीच घ्या. ॲल्युमिना पट्टी १०० अंशांवर तासभर वाळवलेली. खालून दीड सेंमीवर ॲब्सोल्यूट अल्कोहोलचा एक थेंब, तो सुकायच्या आत त्यावर नमुन्याचे दोन थेंब. मग पट्टी वाळू द्या, अल्कोहोलमध्येच वर चढू द्या आणि खालून ४ सेंमीवर कापा. वरच्या तुकड्यात सेस्टामिबी, खालच्यात मोकळं परटेक्नेटेट आणि कोलॉइड. वरचा भाग ९० टक्क्यांच्या खाली आला तर ती वायल रुग्णाला द्यायची नाही. तुकडे मोजताना कापलेली कडा बोटांनी धरू नका, दरवेळी नवा चिमटा वापरा.

शुद्धता कमी येण्याची नेहमीची कारणं: पाणी उकळत नसतानाच वायल बुडवणं (पाणी खळखळ उकळायला हवं, १० मिनिटं, आणि वायलमधलं द्रव पाण्याच्या पातळीखाली), एका वायलमध्ये १५० मिलीक्युरीच्या वर घालणं, आणि सोमवार. जनरेटर (मॉलिब्डेनमपासून टेक्नेशियम मिळवायचा स्तंभ) शनिवार-रविवार न काढता राहिला की कॉलमवर टेक्नेशियम-९९ साचतं. ते चित्रात दिसत नाही, पण किटमधलं स्टॅनस (टेक्नेशियम जोडायला लागणारं कथिल) खाऊन टाकतं. सोमवारचं पहिलं इल्यूशन (जनरेटरमधून काढलेलं टेक्नेशियम) किटला वापरू नका. ते फ्लडच्या स्रोताला ठेवा, दुसरं काढून किट लावा.

मॉलिब्डेनम ब्रेकथ्रूची (टेक्नेशियमसोबत निसटणाऱ्या मॉलिब्डेनमची) मर्यादा दर मिलीक्युरी टेक्नेशियममागे ०.१५ मायक्रोक्युरी. ती चाचणी रुग्णाच्या डोससाठी आहे, या खोटीशी तिचा संबंध नाही.

---

आरआर_अंतर

जाता जाता. गेटिंगचा हिस्टोग्राम (ठोक्यांमधल्या अंतरांचा आलेख) बघितल्याशिवाय ‘भिंतीची हालचाल व्यवस्थित’ म्हणू नका. ईसीजीतल्या उंच टी लहरीवर ट्रिगर बसला तर ठोके दुप्पट मोजले जातात आणि आकुंचन खोटं दिसतं. ठोके नाकारले जात असतील तर प्रत्येक प्रोजेक्शनला काउंट्स कमी-जास्त होतात आणि सिनेत चित्र लुकलुकतं. नाकारलेल्या ठोक्यांचे काउंट्स वेगळ्या, जादा फ्रेममध्ये साठवण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा, म्हणजे परफ्युजनचं चित्र तरी वाचतं. इलेक्ट्रोडची जागा स्पिरिटने पुसा, केस असतील तर काढा. निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

एट्रियल फिब्रिलेशनच्या (अनियमित ठोक्यांच्या) रुग्णात इजेक्शन फ्रॅक्शन (एका ठोक्यात बाहेर फेकलेल्या रक्ताचं प्रमाण) छापूच नये असं माझं मत आहे, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

---

अपेक्स_६४

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी बसून केलं ते लिहितो.

सहा रुग्णांचा डेटा उघडला. सहाही सायनोग्राममध्ये ३२ आणि ३३ च्या मध्ये पायरी, एकाच दिशेला, अंदाजे एका पिक्सेलची. लिनोग्राम सरळ. काउंट्समध्ये उडी नाही. सर्व्हिसच्या आधीच्या दोन रुग्णांत पायरी नाही.

कॅलिब्रेशनची यादी पाहिली. १८० अंशांचं सीओआर सर्व्हिसच्या दिवशी केलेलं आहे. ९० अंशांची तारीख त्याच्या चार महिने आधीची.

ठिपक्याची चाचणी केली. हेड १ चा फरक ०.६ मिमी, हेड २ चा ७.७ मिमी, म्हणजे १.२ पिक्सेल. वाय दोन्हींत सरळ. पाणसळ लावली, कल नाही. १८० अंशांत रिकन्स्ट्रक्ट केल्यावर दुफाटा स्पष्ट आला.

पट्टी आज सकाळी काढली, ९५ टक्के. हिस्टोग्राम एका रुग्णाचा सोडून सगळ्यांचा अरुंद होता.

इंजिनिअर परवा येणार. दोन प्रश्न उरले. उद्याचे रुग्ण घ्यायचे का? आणि दोन आठवड्यांत झालेल्या स्कॅनचं काय करायचं, पुन्हा डोस द्यावा लागेल का?

---

पाणसळ

उद्याचे रुग्ण घेता येतील, पण फक्त हेड १ वर. हेड १ एकट्याला १८० अंश फिरवा, तीच ६४ प्रोजेक्शन. दोन हेडांना ३२ थांबे लागत होते, आता ६४ लागतील. २० सेकंदांच्या थांब्याला साधारण ११ मिनिटांऐवजी २१-२२ मिनिटं धरा, फिरण्याचा वेळ वेगळा. इतका वेळ हात वर ठेवून पडणं वयस्क माणसाला जड जातं, हालचाल वाढते. म्हणून हाताखाली उशी द्या, सहाऐवजी चारच जणांना बोलवा. वेळ वाचवण्यासाठी थांबा १२ सेकंदांचा करू नका, रेस्टचे काउंट्स १० मिलीक्युरीत तसेच बेताचे असतात. सकाळी सुरू करण्याआधी एकट्या हेड १ ने ठिपका रिकन्स्ट्रक्ट करून बघा. एका हेडचा प्रोटोकॉल काही यंत्रांत वेगळा तक्ता उचलतो.

सीओआर ९० अंशांचं नव्याने करायला इंजिनिअरच लागतो असं नाही, बऱ्याच यंत्रांत वापरणाऱ्यालाही ती परवानगी असते. पण ७.७ मिमी हा रोजच्या झीजेचा आकडा नाही. हेडची बैठक किंवा स्क्रू सैल राहिला असेल तर आज कॅलिब्रेट केलेलं आठवड्यात पुन्हा सरकेल. आधी यांत्रिक तपासणी, मग सीओआर, मग ठिपका तीन वेगवेगळ्या जागी ठेवून पडताळणी. इंजिनिअर निघायच्या आत तो आलेख तुमच्या हातात असू द्या. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) तपासणी आली की फ्लडचं पान सगळे काढून दाखवतात, ९० अंशांच्या सीओआरचं पान कुणी लावतच नाही.

नंतर महिन्यातून एकदा, शक्य असल्यास आठवड्याला, दोन्ही मांडण्यांत ठिपका घ्या. हेड उघडलं, कोलिमेटर ढकलताना आपटला किंवा गॅन्ट्रीचा (हेड फिरवणाऱ्या सांगाड्याचा) धक्का बसला की लगेच.

---

फोटोपीक

जुन्या स्कॅनसाठी पुन्हा डोस द्यायची गरज नाही. हेड २ ची चूक डिटेक्टरच्या चौकटीत स्थिर आहे, प्रत्येक कोनाला तेवढीच. कच्ची प्रोजेक्शन साठवलेली आहेत. मूळ प्रत तशीच ठेवून तिची नक्कल करा, नकलेतली ३३ ते ६४ प्रोजेक्शन एक्स दिशेने १.२ पिक्सेल सरकवा आणि पुन्हा रिकन्स्ट्रक्ट करा. हातांनी मोशन करेक्शन करायच्या पडद्यावर हे होतं, फक्त ते सॉफ्टवेअर अपूर्णांक पिक्सेल घेतं का ते बघा. पूर्ण पिक्सेलच घेत असेल तर १ ने सरकवा, ०.२ पिक्सेल उरेल, म्हणजे १.३ मिमी, तेवढं चालतं. स्वयंचलित मोशन करेक्शनला हे काम देऊ नका. ते प्रत्येक प्रोजेक्शन वेगवेगळं हलवतं आणि जठराच्या काउंट्सच्या मागे धावतं.

गेटेड डेटातही आठही फ्रेमना तेवढीच सरक द्या. नाहीतर परफ्युजन एक सांगेल आणि इजेक्शन फ्रॅक्शन दुसऱ्याच चित्रावरून निघेल.

एक सावधगिरी. सरक दिल्यावर अपेक्सची खोट बहुतेकांत जाईल, पण एखाद्यात राहील. ती राहिली तर खरी धरून डॉक्टरांना दाखवा, यंत्राच्या खात्यावर टाकून मोकळे होऊ नका. अपेक्सला भिंत मुळातच पातळ असते, हेही त्यांना माहीत असतंच. ज्यांचा रिपोर्ट बदलेल त्यांना पुरवणी रिपोर्ट जायला हवा, विशेषतः अँजिओग्राफी ठरलेली असेल तर आजच फोन करा.

सरकवायची दिशा चुकेल अशी भीती बाळगू नका. सरक दिल्यावर सायनोग्राम पुन्हा बघा. बरोबर दिशेला दिली असेल तर ३२-३३ ची पायरी नाहीशी होते, उलट दिशेला दिली असेल तर ती १.२ ची २.४ पिक्सेल होते आणि डोळ्यांत खुपते.